जैनाबी पानवाली आणि मेलेली नाणी

नाणं हातात पडलं की जैनाबी आधी त्याच्याकडे पाहत नसे, देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असे. तेवढ्या वेळात तिचा अंगठा नाण्यावरून फिरून आलेला असे. मग शेजारच्या दगडावर ती ते एकदा टाकी, नाद ऐकी आणि मान न वळवता सांगे, "नागपुरी हाय. कोनाच्या तरी गळ्यात लटकलं होतं बरेच दिवस." नाहीतर, "हैदराबादचा हाली. इकडं कसा चुकला बापा तू?" हे शेवटचं ती नाण्यालाच विचारत असे.

अकोल्याच्या कापूसबाजाराच्या तोंडाशी, लिंबाखाली तिचं पान-तंबाखूचं दुकान होतं. दुकान म्हणजे मातीचा चौथरा, वर तट्ट्याचं छप्पर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, चुन्याची लोटी, तंबाखूची टोपली आणि सुपारी फोडायला एक लोखंडी ठोकळा. मी तिवशाकडून आलेला जवान मापारी. गावोगावचा कापूस तराजूवर चढवायचा आणि माप मोठ्यानं पुकारायचं हे माझं काम. दिवसभर पुकारून घसा सुकला की मी तिच्याकडे जाई. पान एक, पण बसणं तासाभराचं. सगळा बाजार तिला खाला म्हणे, मीही खालाच म्हणत असे. ती मला नावानं कधी बोलावीत नसे. "काय गा मापारी," एवढंच.

ते दिवसच निराळे होते. अमेरिकेत कुठं लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसावर व्यापारी तुटून पडले. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. शेत विकत घेण्यासाठी कुणी आज्यानं पुरलेलं गाडगं उकरलं, कुणी माळवा-खानदेशात कापूस पोचवून तिकडचे रुपये कनवटीला लावून आणले. राणीछाप नवा रुपया होता, कंपनीचा होता, नागपुरी, एलिचपुरी, हाली, सगळे एकाच बटव्यात. तांब्याची मोड मात्र मिळेना. म्हणून गाडीवानसुद्धा पान-तंबाखूसाठी चांदीची पावली पुढं करी, आणि अशा रीतीनं वऱ्हाडातली सगळी जुनी चांदी जैनाबीच्या टोपलीतून एकदा तरी जात असे.

तिला वाचता येत नव्हतं. पण तिचा बाप एलिचपूरच्या टांकसाळीत ठसे कोरणारा होता आणि ती हातोड्याच्या आवाजात वाढलेली होती. "राणीचा रुपया यंतरातला," ती मला सांगे. "त्याची कड पाय, करवतीसारखी. जुना रुपया हातोड्याचा. जाड, वाकडा, अन् छाप अर्धाच. ठसा मोठा, चांदी लहान, मंग पुरी अक्षरं येतीन कुठून? पुरा छाप तं बादशानंबी पायला नसन." जुन्या रुपयांच्या कडेला बारीक खड्डे असत. सराफ लोक चांदी तपासायला खिळा ठोकून पाहत, त्याचे ते वण. प्रत्येक पेढीच्या खिळ्याची खूण वेगळी. जैनाबी त्यांना 'दात' म्हणे. "हे पाय, याले उमरावतीच्या सराफानं चावलं, याले खामगावच्यानं. अन् तरीबी हा जिता हाय."

तोंडाची ती फाटकी होती, हे कबूल केलं पाहिजे. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. दुकान मांडलं तेव्हा मोहल्ल्यातले एक वडीलधारे गृहस्थ चार लोक घेऊन आले आणि म्हणाले, बाईनं असं रस्त्यावर, मर्दांमध्ये बसणं बरं दिसत नाही. तिनं त्यांना अदबीनं सलाम केला, पान लावून दिलं. मग म्हणाली, "बडे मियाँ, तुमचं खरं हाय. उद्यापासून दोन वक्ताची भाकर तुमच्या घरून धाडा, म्या घरी बसते." भाकर काही आली नाही. जैनाबीही उठली नाही. पुढं तेच गृहस्थ रोज तिच्याकडूनच पान घेत आणि बाकीच्यांना तिच्याशी नीट बोलायला सांगत.

एकदा एका गाडीवानानं तंबाखू घेतली आणि ऐटीत रुपया फेकला. तिनं अंगठा फिरवला आणि रुपया परत त्याच्यापुढं ठेवला.

"हा नाई घेत मी."

"काहून? खोटा हाय का?"

"खरा हाय. मून तं नाई घेत. याले गळ्यात ओवाले नाका लावेल होता, तो कालपरवा तोडला. डाग ताजा हाय. अठी बायकोच्या गळ्यातला पदर पडला होता, पाय, घासून घासून चोपडा झाला. तिले इचारून आनला का?"

गाडीवान आधी गुरकावला, मग खाली पाहू लागला. बाजूच्या अड्ड्यावर पत्ते चालत हे सगळ्यांना ठाऊक होतं. "तंबाखू घेऊन जाय," ती म्हणाली, "पैसे पुढच्या फेरीले दे. पन हा रुपया पयले सोनाराकडं ने, नाका लाव, अन् तिच्या गळ्यात घाल." तो गेला. त्यानं खरंच तसं केलं की नाही, मला माहीत नाही. तंबाखूचे पैसे मात्र त्यानं पुढच्या फेरीला आणून दिले, एवढं मी पाहिलं.

तिचं आणि हुकमीचंद सराफाचं वाजलं ते बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. हुकमीचंदची पेढी बाजारातच, तिच्या दुकानासमोर. माणूस गोड, कपाळाला गंध, कुणालाही 'भाऊ' म्हटल्याशिवाय बोलत नसे. रेच्यावर सरकी काढणाऱ्या बायकांना आठवड्याची मजुरी तिथल्याच ठेकेदाराकडून मिळे. ठेकेदार चांदी हुकमीचंदकडून उचले. बायकांच्या हातात पडत जुन्या अधेल्या-पावल्या, म्हणजे अर्धे आणि पाव रुपये, पूर्ण किमतीनं. त्याच बायका मीठ-मिरचीसाठी मोड करायला समोर पेढीवर गेल्या की हुकमीचंद नाणं उलटसुलट करी आणि खेदानं म्हणे, "बाई, हे मेलेलं नाणं. सरकारात चालत नाही. बट्टा पडेल." आणि बट्टा असा की अधेलीतला चांगला घास त्याच्याकडे राही. बायकांना वाटे, चांदीच मेली, त्याला शेट काय करणार?

त्या दिवशी गिरजा नावाची एक रेचेवाली मोड मागायला आधी जैनाबीकडे आली. अंगानं काटकी, नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरं पदरात. तिनं अधेली पुढं केली. जैनाबीचा अंगठा तिच्यावरून गेला आणि तिथंच थांबला. तिनं नाणं डोळ्यांजवळ धरलं. असं ती क्वचित करी.

"गिरजे, मांगच्या बाजारी तुनं हे अधेली कोनाले देल्ली होती?"

"हे नोय वं खाला. ते तं शेटले देल्ली. हे आज भेटली."

"हेच ते. कडेले कावळ्याच्या पंज्यासारखा दात हाय अन् बाजूले फुलाची एकच पाकळी. म्याच तुले पायून देल्ली होती."

मग ती चौथऱ्यावर उभी राहिली. आवाज तिचा मुळातच मोठा, त्यात बाजार भरलेला. "आइका वो सारे! हे अधेली मांगच्या बाजारी मेली होती. शेटनं तिचा बट्टा कापला. आज तेच अधेली जिती होऊन मजुरीत आली! शेटच्या पेढीवर मुडदे उठतेत काय?"

लोक हसले. बायका मात्र हसल्या नाहीत. एकेक करून त्यांनी आपापल्या गाठी सोडल्या आणि जैनाबीपुढं धरल्या. तिनं प्रत्येक नाणं वाजवलं. जे पोकळ होतं त्याला पोकळ म्हटलं. तशीही एकदोन निघाली. बाकीची सगळी चोख. "एकबी मोडू नोका," ती म्हणाली. "मीठ-मिरचीपुरते पैसे माह्याकडून उधार न्या."

हुकमीचंद पेढीवरून उतरून आला. "जैनाबी, बाजाराची रीत आहे. मी एकटाच बट्टा घेतो का? मलाही वर द्यावा लागतो."

"वर देतं तं वरच्याचं नाव सांग न भाऊ. त्यालेबी इचारू."

तो पाठ फिरवून पेढीवर चढला. दोन दिवसांनी शिपाई आले. फिर्याद अशी की जैनाबी खोटी नाणी चालवते, ती टांकसाळीतल्या ठसेवाल्याची लेक आहे, घरात ठसे असतील. खोट्या नाण्यांचा गुन्हा म्हणजे बरीच वर्षं तुरुंग, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शिपायांनी तिची खोली उलटीपालटी केली. ठसे काही मिळाले नाहीत, तिनं साठवलेल्या जुन्या नाण्यांची पोतडी तेवढी त्यांनी उचलली. परत जाताना एका शिपायाला दुकानातल्या सुपारीच्या ठोकळ्याची ठेच लागली. त्यानं तो उचलला, उलटा केला. खालच्या बाजूला खिळ्यासारखी मूठ होती, टांकसाळीत जमिनीत रोवतात तशी.

दुसऱ्या दिवशी मोर्णा नदीपलीकडच्या कचेरीत तिला उभं केलं. आम्ही व्हरांड्यात, खिडकीशी. गिरजा होती, रेच्यावरच्या बाकीच्या बायका होत्या, सगळ्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. साहेब तरुण होता, उन्हानं लाल झालेला. शिरस्तेदार देशावरचा, स्वच्छ मराठी बोलणारा. टेबलावर तो ठोकळा आणि जैनाबीच्या नाण्यांची पोतडी.

"हे काय आहे, बाई?" शिरस्तेदारानं विचारलं.

साधं लोखंड म्हणाली असती तर कोण तिला खोटं पाडणार होतं? मी मनात तेच म्हणत होतो, म्हण, लोखंड म्हण.

"ठसा," जैनाबी म्हणाली. "एलिचपुरी रुपयाचा. माह्या बापानं कोरला."

साहेबाला ते सांगण्यात आलं, तेव्हा तो खुर्चीत सरळ बसला.

"यावर नाणी पाडतेस?"

"सुपारी फोडते."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. शिरस्तेदार हसला नाही. "टांकसाळी बंद झाल्या तेव्हा सगळे ठसे जमा करायचा हुकूम होता."

"होता. बापानं सारे देल्ले, हा एक ठेवला. मले म्हने, कोनाच्या कोठीत गंजन्यापरीस तुह्या सुपारीखाली झिजू दे."

"म्हणजे हुकूम मोडला त्यानं."

"मोडला. तो कबरीत हाय. बलवा त्याले."

साहेबानं शिपायाला बागेतली ओली माती आणायला सांगितलं. मातीचा गोळा ठशावर दाबला, उचलला. इतक्या वर्षांच्या सुपारीनं ठशाचं तोंड देवीच्या वणांसारखं झालं होतं. मातीवर नुसते खड्डे उठले, एक अक्षर नाही. साहेब हसू लागला. पण कडेला, जिथं सुपारी कधी पोचली नव्हती, तिथं एक बारीकसं फूल उठलं होतं. शिरस्तेदारानं ते साहेबाला बोटानं दाखवलं. जैनाबी दोन पावलं पुढं झाली आणि वाकून पाहू लागली. मी तिला गप्प झालेलं त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

एका फुलानं नाणं पडत नाही, असं साहेब म्हणाला. पण ठसा सरकारजमा होणार. शिपायानं तो उचलला तेव्हा तिनं हात पुढं केला होता, तो तिनंच मागं घेतला.

उरली पोतडी. हुकमीचंदनं शपथेवर सांगितलं की यात खोटी नाणी असावीत असा संशय आहे. संशयाचं नाणं छिन्नीनं कापून पाहायचा खजिन्याचा रिवाज होता. साहेबानं एक नाणं कापायला सांगितलं.

"एक काहून?" जैनाबीचा आवाज परत आला होता. "सारे कापा. पन पयले लिवून घ्या. एकबी खोटं निंघालं तं मले कैदेत टाका. सारे खरे निंघाले तं जो त्याईले खोटं म्हने, त्यानं साबूत रुपये भरून द्याव."

साहेबानं हुकमीचंदकडे पाहिलं. त्याला 'नाही' म्हणणं शक्य नव्हतं. 'हो' म्हणताना त्याचा गंध घामानं ओघळला होता. खजिन्यातला माणूस व्हरांड्यात बसला आणि छिन्नी पडू लागली. प्रत्येक नाणं दोन तुकडे होऊन फरशीवर पडे, आणि प्रत्येक तुकडा आत पांढराशुभ्र. बायका पुढं सरकून पाहत होत्या. मला मात्र तिच्याकडं पाहवत नव्हतं. ही नाणी तिनं वर्षानुवर्षं निवडून बाजूला ठेवलेली होती, आणि आपलं खरेपण पटवायला तीच ती कापवून घेत होती.

सगळी चोख निघाली. हुकमीचंदनं थैलीतून राणीछाप रुपये काढून टेबलावर ठेवले. जैनाबी खाली फरशीवर बसली आणि त्यातला एकेक रुपया वाजवू लागली.

शिरस्तेदाराला राहवलं नाही. "अहो बाई, राणीछाप आहेत ते!"

"रानीचे असोत का बादशाचे. वाजवून घेनं माहा धंदा हाय."

सगळे वाजवून झाल्यावर ती उठली नाही. "आता हे सांगा, साहेब," ती म्हणाली, "जुनी चांदी सरकारात चालते का नाई?" शिरस्तेदारानं साहेबाशी बोलून सांगितलं की खजिन्यात ती वजनानं घेतात, तसा नियमच आहे. "जरा जोरात सांगा," ती म्हणाली, "बाया भायेर उभ्या हायत." आणि त्या सभ्य माणसानं, काय वाटलं त्याला कोण जाणे, खिडकीशी येऊन तो नियम मोठ्यानं, माझ्या मापाच्या पुकारासारखा पुन्हा सांगितला.

पुढच्या बाजारच्या दिवशी रेचेवाल्या बायका मोर्णा ओलांडून खजिन्यावर गेल्या. सगळ्यांपुढं गिरजा. त्यानंतर हुकमीचंदच्या पेढीवर मेलेली नाणी फारशी सापडेनाशी झाली.

हे फुकट झालं नाही. चौथऱ्याची जागा बाजाराची होती, आणि बाजार चालवणारे हुकमीचंदचे सोयरे. महिन्याच्या आत छप्पर उतरवलं. जैनाबीनं टोपली डोक्यावर घेतली आणि फिरून पान विकू लागली. सुपारी ती आता साध्या दगडावर फोडी, आणि दगड तिच्या मनासारखा कधी चाले ना. "याच्यावर सुपारी उडते लेकाची," म्हणे. ठशाविषयी ती कधी बोलली नाही. फक्त एकदा, मी पान घेत असताना, सहज म्हणाली, "पाकळ्या बारीक कोराच्या तं माहा बाप श्वास धरून ठेवे. ते तेवढंच राह्यलं." मी पैसे दिले. तिनं वाजवून घेतले.

मग अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव एकदम कोसळला. ज्यांनी बैलांना चांदी चढवली होती त्यांनी ती उतरवली. जुने रुपये खजिन्यात, सोनाराच्या मुशीत गेले, आणि लोकांच्या बटव्यात नुसती राणी उरली, एकसारखी, करवतीच्या कडेची. माझं काम सुटलं. मी गावी परतलो. पुढं कळलं की जैनाबीही अकोला सोडून उमरावतीकडे, कुणा भाच्याकडे गेली.

तिला शेवटचं पाहिलं ते बडनेऱ्याच्या ठेसनावर. आगगाडी नवीन होती, आम्ही लोक ती पाहायलासुद्धा जात होतो. मी मात्र खरंच प्रवासाला निघालो होतो, डब्यात जागा धरून बसलो होतो. तिकिटाच्या खिडकीशी गलका ऐकू आला म्हणून डोकं बाहेर काढलं. रांग लांब होती आणि हलत नव्हती. सगळ्यांत पुढं एक थकलेला म्हातारा, आणि त्याच्या बाजूला, खिडकीच्या गजाला हात घालून, जैनाबी. केस पार पांढरे झालेले. तिनं मला पाहिलं नाही.

आतला बाबू एक रुपया परत ढकलत होता. "घासलेला आहे. छाप दिसत नाही. चालणार नाही."

"दिसत कसा नाई? तू पाहून नाई राह्यला. उजेडात धर. राजाची मान दिसते का? कंपनीचा हाय, आईच्या दुधासारखा. वाजव त्याले."

"वाजवायचं काम नाही इथं."

"तं मंग काम सोड. जो वाजवून घेईन त्याले बसव."

मागचे लोक ओरडू लागले, गाडी सुटते, बाई बाजूला हो. शिट्टी झाली. बाबू कावला. "तुला जायचं तरी कुठं आहे?"

"मले?" जैनाबी म्हणाली. "मले कुठीच जायाचं नाई. याले जायाचं हाय."

गाडी हलली. मी खिडकीतून मागं पाहत राहिलो. म्हातारा तिच्याकडे पाहत होता, रांग तिच्यावर ओरडत होती, आणि ती गज धरून तशीच उभी होती. वळण येण्याच्या आधी मला एवढंच दिसलं की बाबूनं रुपया उचलला आणि खिडकीच्या दगडावर टाकला. नाद माझ्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. पण तिनं मान कलती केली, ऐकलं, आणि म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला पुढं सारलं.